खोक्याचं दावं

मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी सोल्डरिंग करत होती. राळेचा तो गोडसर धूर नाकात गेला आणि मला नाशिक रोडची माझी कॉलेजातली खोली आठवली.

तिथे मी प्लायवूड आणि जुना टीव्ही जोडून नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम बनवत होतो. बटणांची निम्मी भोकं रिकामीच राहिली. शिक्षण संपलं, पुण्याला नोकरी लागली. कपाटाएवढं ते खोकं कुठे नेणार? शेवटी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका आइस्क्रीमवाल्याला विकलं.

तो न्यायला आला तेव्हा वडील, म्हणजे आमचे अण्णा, भाजीचा टेम्पो घेऊन माझं सामान न्यायला आलेले. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला, मागची वायर सोडवली आणि गुंडाळून खिशात घातली.

"अहो काका, वायरीशिवाय चालू कसं करू?"

"नवी घ्या. जनावर इकलं तरी दावं देत नाय आम्ही. दावं घरात असलं, की गोठ्यात दुसरं येतं."

"चारा किती खातं हे?" आइस्क्रीमवाला हसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातला पहिला पदवीधर मी, आणि अण्णा शहरातल्या माणसासमोर असं बोलतात! ते खोकं अर्धवट राहिल्याचं माझं दुःख मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांना ते न सांगता कळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

"बाबा, वायर कमी पडतेय," मुलगी म्हणाली.

मी कपाट उघडलं आणि अण्णांनी राखून पुढे मला दिलेलं दावं तिच्या हातात दिलं.