चौलच्या नायकाची बायको

चौलच्या शिवदासकाकांना मुंबईने एकदा बोलावलं होतं, ही गोष्ट आमच्या आळीत ठाऊक नाही असं माणूस नाही. नवीन सून घरात आली की तिला विहीर कुठे, देऊळ कुठे आणि शिवदासकाका मुंबईला का गेले नाहीत, एवढं आधी सांगितलं जातं.

गोष्ट तशी छोटी. काका ऐन पंचविशीत असताना हनुमान जयंतीच्या उत्सवात गावाने नाटक बसवलं, आणि नायक झाले काका. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गावच्या नाटकाला नायिका गावची नसायची, ती मुंबईहून बिदागी देऊन आणायची. ती यायची ती थेट नाटकाच्या दिवशी, रेवसच्या लाँचने. तोवर दोन महिने तालमीत तिची वाक्यं दिनानाथ सुतार वाचायचा, तोंडात विडी ठेवून. त्याच्या मिशांकडे बघत काकांनी प्रेमाचे सगळे संवाद घोटले होते. मग प्रत्यक्ष नायिका समोर उभी राहिली तेव्हा काकांचं काय झालं असेल ते सांगायला नको. तिसऱ्या अंकात ते असे काही गप्प झाले की नायिकेने स्वतःची वाक्यं म्हटली आणि त्यांचीही म्हटली. लोकांना वाटलं, नायक दुःखाने मुका झालाय. टाळ्या पडल्या.

ही नायिका म्हणजे वत्सला खारकर. पुढे मुंबईत तिची मोठमोठी नाटकं झाली, नाव झालं. पण त्या दिवशी निघताना ती काकांना म्हणाली, "तुमच्यासारख्या माणसाने मुंबईला यायला हवं." आणि तिथे घोळ झाला. कारण पुढच्याच महिन्यात काकांचं लग्न ठरलेलं होतं, कमळकाकूंशी.

तेव्हापासून त्या घरात काहीही बिनसलं की मुंबई निघायची. सुपारीला भाव आला नाही, मुंबई. आमटी खारट झाली, मुंबई. "गेलो असतो तर आज फोटो लागले असते," काका म्हणायचे, "पण लग्नाचा शब्द दिला होता ना." काकू वरवर हसायच्या. पण हसून विसरण्यातलं ते नव्हतं. आपण एका माणसाच्या पायात धोंडा होऊन पडलो, हे त्यांना आतून खात आलं होतं. भांडणात त्यांनी काकांना काय काय ऐकवलं असेल, पण या एका बोलण्यापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

म्हणून सूनबाई मृणालीने मोबाइल पुढे धरून सांगितलं, "आई, वत्सलाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आलंय, रविवारी दुपारी अलिबागला वाचनालयात भाषण आहे, नंतर सह्या देणार आहेत," तेव्हा काकूंनी समोरची विळी आडवी करून ठेवली.

"मी जानार," त्या म्हणाल्या. "इचारून येते एकदाचं. खरंच बोलावलं व्हतं का, आन् हे गेले असते तर काय झालं असतं."

काकांची त्या आठवड्यात तब्येत बघण्यासारखी होती. सोमवारी गुडघा धरला. मंगळवारी सुपारीचा व्यापारी नेमका रविवारीच येणार असल्याचं निघालं. गुरुवारी त्यांना बाईंची दया आली. "वय झालंय त्यांचं. कशाला तरास द्यायचा?" रविवारी मात्र सकाळीच मिशी कातरून, लेकाच्या लग्नातला झब्बा घालून ओटीवर बसले. न जाणंही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. अलिबागच्या मिनीडोर रिक्षात आमच्या आळीची अजून चारपाच माणसं घुसली, ती साहित्याच्या ओढीने नक्कीच नव्हती.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. वत्सलाबाई काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या आणि बोलायला लागल्या तशा वयाने धाकट्या होत गेल्या. मुलाखत घेणाऱ्या मुलीने गावोगावच्या उत्सवांतल्या नाटकांचं विचारलं. बाई खुलल्या.

"अगं, गावागावात एकच नाटक, फक्त नायक वेगळा. माझी वाक्यं मला पाठ, आणि नायकाचीही मलाच पाठ ठेवायला लागायची, कारण ऐन वेळी तो विसरणार हे ठरलेलं." लोक हसले. "ती मुलं दोन दोन महिने राबायची गं, एका रात्रीसाठी. निघताना मी प्रत्येक नायकाला सांगायची, तुमच्यासारख्या माणसाने मुंबईला यायला हवं. प्रत्येकाला हं. शब्दही तेच. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. पण ते ऐकून त्यांचे चेहरे काय उजळायचे!"

सभागृह हसण्याने दणाणलं. आमच्या आळीची माणसं तर माना वळवून वळवून हसली. कमळकाकूही हसल्या, अगदी मोकळ्या, पदर तोंडाला न लावता. इतक्या वर्षांचं ओझं त्या बाईने बसल्या जागी उतरवलं होतं. काकूंना वाटलं, उठून तिथेच फुगडी घालावी.

मग त्यांनी शेजारी पाहिलं. काकाही हसत होते. टाळ्यासुद्धा वाजवत होते, पण सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही त्यांच्या चालूच राहिल्या. "पाणी पिऊन येतो," म्हणून ते उठले, दारात विकत घेतलेलं बाईंचं पुस्तक काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. त्या लेकाच्या लग्नातल्या झब्ब्यात ते पाठमोरे फार बारीक दिसले.

सह्यांच्या रांगेत त्या एकट्याच उभ्या राहिल्या. नंबर आला.

"नाव काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"शिवदास. चौलचे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नायक?"

"व्हय."

"आणि मी त्यांनाही बोलले होते?"

"बोलला व्हतात. तवापासून आमटी बिघडली की मी ऐकते."

बाई इतक्या हसल्या की मागच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मग आज खरं लिहून देऊ? तुमची सुटका होईल."

याचसाठी तर काकू आल्या होत्या. पण तोंडातून भलतंच निघालं. "न्हाय. असं लिवा, तुम्ही मुंबईला आला नाहीत, रंगभूमीचं नुकसान झालं."

"आणि फायदा कुणाचा झाला?"

"ते लिवायला नको," काकू म्हणाल्या, आणि या वयात लाजल्या. बाईंनी एक शब्द इकडेतिकडे न करता लिहून दिलं.

परतताना मिनीडोरमध्ये काकांनी ते पान वाचलं. लगेच पुस्तक सगळ्यांसमोर फिरेल असं काकूंना वाटलं होतं, पण त्यांनी ते मिटून मांडीवर ठेवलं. आळीतल्या धर्माजीने "बघू बघू" म्हणून हात पुढे केला, तर त्याला म्हणाले, "इकत घे की स्वतः." एवढंच.

दिवेलागणीला दोघं ओटीवर बसली होती. काकांनी पुस्तक पुन्हा उघडलं.

"अक्षर बाईंचं हाय," ते म्हणाले. "बोलणं तुझं."

काकू चपापल्या. "तुमाला वाईट वाटलं असेल, दुपारचं ऐकून."

"त्यात नवीन काय? आज चारचौघांत निघालं एवढंच. त्या दिवशी माझ्यासमोरच बाजूच्या गावच्या नायकालाबी तेच बोलल्या. नाटक बघायला आला व्हता तो."

काकू ताडकन उठल्या. "म्हंजे पयल्यापासून ठावं व्हतं? आन् इतकी वर्षं माझा जीव खाल्लात?" आता त्यांना खरोखरचा राग आला होता. अलिबागला जाताना आला नव्हता एवढा.

काकांनी मान खाली घातली. "तुझा पनवेलला डी.एड.ला नंबर लागला व्हता. मास्तरीण झाली असतीस. ते सोडून ह्या वाडीत आलीस, आन् कधी एका शब्दानं बोलून न्हाय दाखवलंस." मग म्हणाले, "मी तुझ्यासाठी काय सोडलं व्हतं गं? सांगायला कायतरी नको?"

डी.एड.ला नंबर लागल्याचं ते कार्ड काकूंनी स्वतः चुलीत घातलं होतं आणि आपण विसरलो असं धरून चालल्या होत्या. ह्या माणसाने ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं, आणि त्याची बरोबरी करायला मुंबई उभी केली. रडू आलं, आणि रागही गेला नव्हता. त्या पुन्हा त्यांच्या शेजारी बसल्या.

"पुढल्या खेपेला मुंबई काढलीत," त्या नाक पुसत म्हणाल्या, "तर मी डी.एड. काढीन."

"काढ की," शिवदासकाका म्हणाले. "कवाची वाट बघतोय."