खर्जातला राजा

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दौलत परब दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या गच्चीवर एसीच्या चिलरचं झाकण उघडून बसला होता. पंख्याचा पट्टा सैल झाला होता. तो त्याने बदलला, मशीन चालू केलं आणि त्याच्या घरघरीत आपला षड्ज लावून पाहिला. आवाज लागला. पुढे मात्र तो काही गायला नाही.

दौलत एसी मेकॅनिक आहे, वय बावन्न. त्याआधी तो कुडाळकडच्या एका दशावतारी कंपनीत होता. सोळाव्या वर्षी झांज वाजवायला लागला आणि पंचविशीत राजपार्टी, म्हणजे राजाची कामं करणारा नट झाला. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज नवं गाव, नवं देऊळ. पावसाळ्यात कंपनी बंद असायची, तेव्हा तो म्हापशाला एका दुकानात फ्रिज-एसीची कामं करायचा. असाच एक पावसाळा काढायला म्हणून तो दुबईला आला. त्याला आता अकरा वर्षं झाली. गावच्या जत्रेचा व्हिडिओ मोबाइलवर येतो. त्याचा राजपार्ट दुसराच कोणी करतो, आणि बरा करतो.

मैथिली साने याच टॉवरमध्ये राहते. आयटीत आहे, पुण्याची, आणि दुबईतल्या मराठी मंडळाची नाटकं बसवते. मार्चमध्ये तिच्या फ्लॅटचा एसी बिघडला, तेव्हा डक्टमध्ये डोकं घालून दौलत गुणगुणत होता. तिने चहा दिला आणि पुन्हा गायला लावलं. अशा खर्जातल्या आवाजाला पाश्चात्त्य ऑपेरात बॅरिटोन म्हणतात, असं तिने सांगितलं. त्याने हा शब्द इंटरनॅशनल सिटीतल्या रूमवर जाऊन कोणालाच सांगितला नाही. तिच्या नव्या संगीत नाटकात मुलाला हद्दपार करणारा राजा होता. तो त्याला मिळाला. तालमींसाठी दौलतने सुपरवायझरला सांगून दुसरी पाळी सोडली, पहाटेची घेतली.

अडचण पहिल्याच तालमीत दिसली होती. दशावतारात संहिता नसते. मॅनेजर संध्याकाळी आख्यान सांगतो, कोण कोण होणार ते सांगतो, आणि तोंडाला रंग लावता लावता जो तो आपलं बोलणं मनात बांधतो. समोरच्याला प्रश्न टाकायचा, त्याने उलट टाकायचा, खेळ तसाच चढत जातो. लिहिलेलं वाक्य दौलतने आयुष्यात स्टेजवर म्हटलं नव्हतं. तरी त्याने पाठ केलं. शेवटचं वाक्य होतं, ‘आजपासून या नगराची वेस तुला बंद.’ ‘बंद’ ऐकलं की साउंड सांभाळणाऱ्या नीरवने लॅपटॉपवर गाण्याचा ट्रॅक सोडायचा आणि राजपुत्र झालेल्या कुशलने गायचं.

परवा शनिवारी प्रयोगाला एका शाळेचा हॉल भरला होता. कुशल मान खाली घालून उभा राहिला. संहितेत तसंच होतं. पण दौलतला ते पाहवलं नाही. समोरचा नट गप्प झाला तर त्याला बोलतं करायचं, हे त्याच्या हाडात होतं. त्याने विचारलं, “बापासमोर मान खाली घालायला तुला कोणी शिकवलं?”

कुशलने विंगेकडे पाहिलं. दौलतने दुसरा प्रश्न टाकला, मग तिसरा. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून तो आणखी चढला. नीरव बोट बटणावर ठेवून ‘बंद’ची वाट पाहत राहिला. हॉलची वेळ संपत आली, दोनदा दिवे लुकलुकले आणि शेवटी पडदा पाडावा लागला. गाणं झालंच नाही. ते ऐकायला कुशलचे आईवडील पुण्याहून आले होते.

विंगेत कुशल एवढंच म्हणाला, “काका, माझी टर उडवायची होती, तर तालमीत उडवायची.”

दशावतारात समोरच्याला प्रश्न टाकणं म्हणजे त्याला मान देणं, आणि दौलतने तोच दिला होता. मुकुट काढून ठेवून तो निघाला.

रूमवर त्याचा रूम पार्टनर सुदेश भाजी परतत होता. “काय महाराज, राज्य गेलं वाटतं?” त्याने विचारलं. दौलत हसला आणि तोंड धुवायला गेला. कानामागचा रंग तसाच राहिला.

सोमवारी पट्टा बदलून झाल्यावर मैथिली गच्चीवर आली. ऑफिसला निघाली होती. रागावली नव्हती, तिने सगळा विचार केला होता. डिसेंबरमध्ये पुन्हा प्रयोग आहे. राजा दुसरा कोणी उभा राहील. दौलतचं बोलणं आणि गाणं स्टुडिओत रेकॉर्ड करून लावायचं. म्हणजे चूक व्हायला जागाच नाही.

“तुमचा आवाज हवाच आहे, दौलतभाऊ,” ती म्हणाली.

दौलतने पान्याला लागलेलं ग्रीस फडक्याने पुसलं. “मॅडम, समोर माणूसच नाय, तर सांगू कोणाक?”

विचार करा म्हणाली आणि ती लिफ्टकडे गेली. त्याचा विचार झाला होता. खाली गेल्यावर त्याने सुपरवायझरकडून आपली जुनी पाळी परत मागून घेतली. कारण विचारलं, तर पहाटेची बस झेपत नाही म्हणाला.

उद्या संध्याकाळी सात वाजता टॉवरच्या तळमजल्यावर मंडळाची तालीम आहे. दौलतची ड्युटी त्याच टॉवरच्या गच्चीवर दुपारी दोन ते रात्री दहा आहे.