वकीलसाहेबांचा गालिचा आणि आमचा बंब

आमच्या घरात वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे ठरवायची रीत एकच होती. मामंजी तिच्यावर उभे राहत.

मामंजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला गडी. पुढे मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात शिरले, तरी वजनाच्या बाबतीत त्यांनी आखाडा कधी सोडला नाही. माझ्या लग्नात माहेरहून आलेल्या खुर्च्या त्यांनी दारातच अशा तपासल्या. (एकही घरात आली नाही.) त्यात स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. जेवायला बसले तरी एक पाय पाटावर आणि दुसरा चपलेत!

त्या वर्षी त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो गालिच्यांचा. लग्नात मांडवभर लाल गालिचे अंथरायचे. त्यांच्यावर वरातीची धूळ, पंगतीचा मठ्ठा आणि लहान मुलांकडून जे काही मिळेल ते. मग ते नदीवर न्यायचे, बडवायचे, वाळवायचे. ते काही वाळत नसत. नुसते वास मारत. एका लग्नात तर नवरदेवानं बोहल्यावरच नाकाला रुमाल लावला आणि शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंनी ते स्वतःवर घेतलं! ते लग्न लागलं, पण आमचे मानापमान मिटायला पुढचा हंगाम उजाडला.

इथे मी तोंड उघडलं. (माझ्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी इथेच सुरू होतात.) मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं. ते रात्री वाढता वाढता सांगितलं.

"तिकडे म्हणे ट्रकवरच यंत्र बसवतात. एका पाइपानं गरम पाणी गालिच्यावर मारायचं, दुसऱ्यानं मळासकट ओढून घ्यायचं."

मामंजींचा घास हातातच राहिला. "म्हंजे ट्रक घरात घालायचा?"

"नाही मामंजी. ट्रक रस्त्यावर. पाइप घरात."

"आनि गालिचा?"

"जागेवरच."

"जागेवरच!" मामंजी उष्ट्या हातानं उठले आणि थेट अंगणात. तिथे आमचा मिलिटरीच्या मोडीतून घेतलेला, बांबू वाहणारा ट्रक उभा होता. त्याच्याभोवती ते फेऱ्या मारत राहिले. आमटी निवली. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नवरा-बायकोत तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवसापासून यंत्राचा शोध सुरू झाला. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दुकानात टाय लावलेल्या विक्रेत्यानं मुंबईहून आलेलं एक चकचकीत यंत्र पुढे केलं.

"टिकाऊ हाय न्हवं?" मामंजींनी विचारलं.

"एकदम टिकाऊ, साहेब! लाइफटाइम!"

"बगू." मामंजी चप्पल काढून त्याच्यावर चढले. कुर्रर्र असा आवाज झाला. मामंजी खाली उतरले आणि हळहळून म्हणाले, "संपला की वो ह्येचा लाइफटाइम!"

हे त्या विक्रेत्याला कोपऱ्यात घेऊन समजूत घालत बसले, तोवर मामंजी पुढच्या दुकानात चढलेसुद्धा होते. दुकानात म्हणजे तिथल्या पंपावर. असं करत करत आम्ही अर्ध्या शाहूपुरीला नकोसे झालो. मला वाटलं, आता हे खूळ जाईल. खूळ जाण्याऐवजी भंगारवाल्याकडे गेलं.

बिद्रीच्या वाटेवर एका भंगाराच्या ढिगात मामंजींना तो पंप दिसला. ओतीव लोखंडाचा, रेड्याएवढा, हवा ओढणारा. पूर्वी तो काय ओढायचा हे भंगारवाल्यालाही सांगता येईना. मामंजी त्याच्यावर उभे राहिले. उड्या मारल्या. मग आमच्या बाबू ड्रायव्हरला वर बोलावून दोघांनी उड्या मारल्या. पंप हूं की चूं करेना.

"ह्यो खरा!" मामंजींचे डोळे भरून आले होते. (माझ्या बाळंतपणात इतके भरले नव्हते.)

त्याच्याबरोबर रबरी पाइप मिळाला तो मांडीएवढा जाड. मी म्हटलं, "हा गालिचा धुवायचा आहे, की गिळायचा?" माझं त्या प्रकरणातलं हे एकमेव शहाणं वाक्य. ते कुणी ऐकलं नाही.

बाकीची अक्कल मात्र माझीच. गरम पाणी कुठून आणायचं, असा प्रश्न पडल्यावर मीच सुचवलं, की वऱ्हाडाच्या आंघोळीचा मोठा तांब्याचा बंब आहे ना आपल्याकडे, तोही पंपाशेजारी ट्रकवर बसवा. बसवला. त्यात लाकडं, धुराडं, सगळं जिथल्या तिथे. साबणाऐवजी रिठे उकळायचे, तेही मीच सांगितलं. शिवाय मळ चटकन सुटावा म्हणून त्यात धुण्याचा सोडा. प्रमाण मी अंदाजानं ठरवलं. (विज्ञानाच्या शिक्षिकेनं!)

अंगणात पहिला प्रयोग झाला. आमच्या एका कळकट गालिच्याचा रंग लाल आहे, हे आम्हाला त्या दिवशी नव्यानं कळलं! ह्यांची एक चप्पल पाइपात गेली ती पुन्हा दिसली नाही, पण असल्या क्षुल्लक गोष्टीकडे कोण बघतं?

आणि लगोलग काम चालून आलं. ताराबाई पार्कात एक वकीलसाहेब राहायचे. त्यांच्या थोरल्या मुलीला, शालिनीला, बघायला संध्याकाळी पाहुणे येणार होते. दिवाणखान्यातला गालिचा आजोबांच्या काळातला, आणि तेव्हापासूनचाच मळलेला. वकीलीणबाई म्हणाल्या, "गालिचा चांगला निघाला आणि स्थळ जमलं, तर मांडव तुमचाच." हंगामातलं सगळ्यांत मोठं लग्न! ते हातचं गेलं असतं तर भंगारातला पंप आम्ही छातीवर घेऊन बसलो असतो. मामंजींना दुपारचं जेवण गेलं नाही. ट्रकच्या फळीवर लोंबकळत ते सगळ्या रस्त्यानं बाबूला ओरडत होते, "हाण! हाण की लेका!"

वकीलसाहेब आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते. ट्रक फाटकाशी लावला. पाइप खिडकीतून आत घेतले. हे इंजिनाशी, बाबू खिडकीबाहेर निरोप्या, मामंजी सगळीकडे, आणि दिवाणखान्यात पाइप धरून उभी मी.

"सोड!" मामंजी ओरडले.

गरम पाणी सुटलं. रिठे आणि सोड्याचा फेस गालिचाभर झाला. मग खुर्च्यांच्या पायांपर्यंत आला. मग उंबरा ओलांडून ओट्याच्या पायऱ्या उतरू लागला. मी दुसरा पाइप सरसावला. त्यानं आधी टीपॉयवरचा भरतकामाचा रुमाल घेतला. मग खिडकीचा पडदा. मग माझा पदर!

मी एका हातानं निऱ्या धरल्या आणि दुसरा हात जिवाच्या आकांतानं हलवायला लागले. "बंद करा! बंद करा!" पंपाच्या आवाजात मला माझंच ऐकू येईना. बाबूनं खिडकीतून पाहिलं आणि तिकडे आरोळी ठोकली, "वयनी हात हालवत्यात! वाडवा म्हनत्यात!"

ह्यांनी वाढवलं.

आता बाहेरून हे कसं दिसत होतं ते सांगते. बंबात कुणीतरी ओली लाकडं घातली होती, त्यामुळे वकिलांच्या बंगल्यावर काळ्या धुराचे लोट. फाटकाशी ट्रक. खिडकीतून आत गेलेले पाइप. दारातून बाहेर येणारं पाणी आणि फेस. आणि आत एक बाई किंचाळते आहे. समोरच्या घरातल्या माणसानं जे करायचं तेच केलं.

"आग! वकिलाच्या घराला आग!"

कोल्हापुरात मदतीला बोलवावं लागत नाही. मदतीला थांबवावं लागतं. जवळच्या तालमीतली पोरं लंगोटावर लुंग्या गुंडाळत धावत आली. मामंजी फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"आरं, आग न्हाय! बंब हाय, बंब!"

"बंब आलाय म्हंजे आग असनारच की, आबा!" असं म्हणत त्या पोरांनी मामंजींनाच उचलून बाजूला ठेवलं. (मामंजींना उचललेलं मी तेवढंच पाहिलं.)

एका पैलवानानं माझा पदर हिसडून सोडवला. पदराचा काठ पंपानं ठेवून घेतला. "वयनी, भिऊ नगासा! भाईर चला!" दुसऱ्यानं रेडिओ उचलला, तिसऱ्यानं पेटी, उरलेल्यांनी सोफा. मी ओरडत होते, "अहो, आग नाहीये!" तर एक जण समजुतीनं म्हणाला, "घाबरून असं वाटतंय तुमास्नी."

मग कुणीतरी आतल्या खोलीत वकीलसाहेब झोपलेले पाहिले. त्या पैलवानानं क्षणाचाही विचार न करता दिवाणखान्यातला ओला गालिचा ओढला, साहेबांना त्यात गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून रस्त्यावर आणलं.

"हे काय केलंस रे?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"आमच्या भनीला तुमीच शिकवलंय की, बाई! आगीत मानसाला वल्या कापडात गुंडाळायचं!"

आणि नेमकी तेव्हा, ठरल्या वेळेच्या आधीच, पाहुण्यांची मोटार आली.

मुलाचे वडील खाली उतरले. फेसातून वाट काढत त्यांनी अदबीनं विचारलं, "वकीलसाहेब कुठं आहेत?"

"इथं," गालिचा म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. (धरणीवर फेस होता, तो तरी कुठे जिरत होता!) स्थळ गेलं, मांडव गेला, माझं सासरही गेलं, असं मी मनात धरून चालले. मामंजी तर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते आणि मधूनच वर बघून कुणाला तरी दोष देत होते. तिकडे शालिनी जुन्या साडीत, पदर खोचून, कपाटाचं एक टोक धरून दारातून बाहेर येत होती. दुसरं टोक धरणारा पैलवान मध्येच रेडिओ बघायला गेलेला.

"आवो, बघताय काय? धरा की!" ती समोरच्या माणसावर ओरडली.

समोर होता तो नवरा मुलगा. त्यानं कोट काढून मोटारीवर टाकला आणि कपाट धरलं.

"वाकडं करा! तसं न्हवं, हिकडं! बोट सांभाळा!"

कपाट बाहेर आलं. तोवर ह्यांनी पंप बंद केला होता आणि बंबातली लाकडं ओढली होती. घरात आग नाही, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. पोरांचा थोडा हिरमोड झाला. मग कपाट पुन्हा आत न्यायचं ठरलं. तेही त्याच दोघांनी नेलं. या खेपेला वेळ जरा जास्त लागला. दारात तर ते थांबून हसत होते.

मुलाची आई रस्त्यावरच्या सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पोहे नकोत आता. मुलगी बघून झाली."

मामंजींना तेवढ्यात कंठ फुटला. ते वकीलसाहेबांकडे धावले. "सायेब, समदं जाऊ दे, पर गालिचा बगा! कसा निघालाय!"

गालिचा खरोखरच आरशासारखा लख्ख निघाला होता. त्याचा सगळा मळ गेला होता. रंगही गेला होता, पण तो वाया गेला नव्हता. वकीलसाहेबांचं धोतर, बंडी, कान आणि मिशा, सगळं छान गुलाबी झालं होतं.

लग्न झालं. मांडवाचं काम आम्हालाच मिळालं, कारण शालिनी हटून बसली की माझं ज्यांनी जमवलं त्यांचाच मांडव. मामंजी महिनाभर मिशीला पीळ देत हिंडले आणि ही युक्ती आपलीच होती असं सगळ्यांना सांगू लागले. मी त्यांना एकदाही अडवलं नाही.

वकीलसाहेब पत्रिका द्यायला स्वतः आले. मिशा पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या, कानांच्या मागे अजून थोडं गुलाबी होतं. मी चहा ठेवून दाराआड उभी राहिले. ह्यांनी पत्रिका उघडून मोठ्यानं वाचली. खाली रिवाजाप्रमाणे छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' त्याच्याखाली शाईनं, वकिली वळणदार अक्षरात, खास माझ्यासाठी एक ओळ होती:

'सूनबाईंनी आहेर आणला तरी चालेल, बंब आणू नये.'