मिस वर्नांचं ‘जाऊ नका’

आमची शाळेची बस चालवतात त्या मिस वर्ना क्रेप्स. त्यांचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा, आणि अशा आवाजाला बसमध्ये वर माईक दिलेला. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या डोंगरी खोऱ्यात हॅलोविनला कुठल्या भूतघरात जायचं आणि कुठल्या नाही, हे त्या माईकवर ठरतं.

खोऱ्यातल्या खाणी केव्हाच बंद पडल्या, तिकीट काढून घाबरून घ्यायची भूतघरं मात्र दरवर्षी वाढतातच. कुणी मक्याच्या शेतात उभारतं, कुणी गोठ्यात, एकाने तर सासूच्या बंद पडलेल्या ब्यूटी पार्लरमध्येच थाटलंय. ऑक्टोबरभर दर शनिवारी मिस वर्ना एकेक बघून येतात. एकट्या जातात, तिकीट काढून जातात. निकाल सोमवारी सकाळी, रेल्वेच्या फाटकाशी. तिथे बस थांबवून दार उघडायचं आणि आगगाडीचा आवाज येतोय का ते ऐकायचं, असा नियमच आहे. तेवढा वेळ पोरांनी चिडीचूप बसायचं. मग दार बंद होतं, बस रूळ ओलांडते आणि माईक खरखरतो.

“हां, माकडांनो, ऐका. बॉयरच्या गोठ्यात गेले होते. पहिल्याच खोलीत मुंडकं नसलेली नवरी. आता मुंडकं नाही तर नाही, माझी काही तक्रार नाही. पण बाई च्युइंगम चघळत होती! मचमच मचमच! तोंड नाही आणि चघळतेय! बाकी छान आहे. जा. आजीला घेऊन जा.”

बॉयरचा गोठा आडवा. कारण आमच्याकडे ‘छान आहे, जा’ म्हणजे कडेवरच्या पोरांसाठी बरंय. खरी शाबासकी निराळीच असते. मागे एकदा मक्याच्या शेताबद्दल त्या म्हणाल्या होत्या, “जाऊ नका. सांगून ठेवते. मी पुन्हा तिथं पाऊल टाकायची नाही.” त्या शनिवारी गाड्या लावायला जागा पुरेना, लोकांनी चर्चच्या कबरींपर्यंत लावल्या. शेतवाल्याने दुसऱ्या दिवशी मिस वर्नांच्या दारात भट्टीतली भोपळ्याची गोड पाई आणून ठेवली, अजून गरम.

फक्त एका भूतघराबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. गावच्या अग्निशमन दलातली स्वयंसेवक मंडळी जुन्या धान्यगिरणीत दरवर्षी जे उभारतात, त्याबद्दल. कारण त्यातली शेवटची खोली त्यांच्या नवऱ्याची, डेलमारची. “नवऱ्याचं कौतुक माईकवर करायचं नाही,” त्या म्हणायच्या. “आणि घरी तर मुळीच नाही. डोक्यावर बसेल.”

मिस्टर डेल जन्मभर किराणा दुकानात मागच्या बाजूला मांस कापायच्या कामावर होते. कुणाशी बोलले तर हवेविषयी बोलायचे. पण ऑक्टोबर आला की तोंडाला पीठ फासून, चामड्याचा एप्रन बांधून, धान्याच्या घसरगुंडीखालून असे काही उसळून यायचे की ज्याचं नाव ते. “पीऽऽठ कमी पडलंय! कुणाची हाडं देताय?” आम्ही सगळे त्या एका वाक्यापुढे पळत पळत मोठे झालो.

गेल्या हिवाळ्यात मिस्टर डेल पाव आणायला गाडी घेऊन गेले आणि आपल्याच गल्लीत गोल गोल फिरत राहिले. डॉक्टरांनी त्या प्रकाराचं नाव सांगितलं. ते जरा विसरतात एवढं गावाला माहीत होतं. किती विसरतात हे फक्त मिस वर्नांना. सप्टेंबर संपता संपता मात्र त्यांनी आपणहून खुंटीवरचा एप्रन काढला आणि बांधला, गाठसुद्धा बरोबर मारली. तेव्हा मिस वर्ना दलाचा प्रमुख क्लिंट झिमर याच्याकडे गेल्या. क्लिंटचं टायरचं दुकान आहे, आणि लहानपणी तोही त्यांच्याच बसमधून शाळेत जायचा.

“त्याला एवढं एकच उरलंय, क्लिंट,” त्या म्हणाल्या. “ती खोली त्याची त्याला राहू दे.”

“मिस वर्ना, ती खोली मी दुसऱ्या कुणाला देईन का?” क्लिंट म्हणाला.

गिरणी उघडली त्या शनिवारी मिस वर्ना डोंगरापलीकडचं एक भूतघर बघायला गेल्या होत्या. सोमवारी बसमध्ये चढतानाच कोल्बी रेश ओरडला, “मिस वर्ना! मिस्टर डेल म्हणजे कमाल आहेत! या वर्षी सगळंच बदललंय त्यांनी!”

“काय बदललंय?”

“अहो, ओरडतच नाहीत! नुसते खुर्चीत बसलेले. आपण आत गेलो की हळूच उठतात.” कोल्बी सीटवरून उठला. खांदे पाडले, टोपी छातीशी धरल्यासारखे हात केले आणि घोगऱ्या, बारीक आवाजात म्हणाला, “अहो, जरा ऐकता का? माझी बायको बाहेर उभी आहे का? मला घरी जायचंय हो. दार कुठंय?”

हुबेहूब. बसभर शहारा आला, मग हशा पिकला.

“आणि डोळ्यात खरं पाणी!” मागून टेसा म्हणाली. “माझी मावसबहीण बाहेर येऊन ओकली.”

“बसा खाली,” मिस वर्ना म्हणाल्या.

फाटकाशी बस थांबली. दार उघडलं. आगगाडी नव्हती. लांबून शिट्टीही नव्हती. तरी दार उघडंच. गार वारा आत येत होता, मागे दोन गाड्या हॉर्न मारायला लागल्या आणि मिस वर्ना दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत ऐकतच राहिल्या. मग बस रूळ ओलांडून गेली आणि माईक खरखरला.

“गिरणीत जाऊ नका.” खडे नव्हते त्या आवाजात. “पोरांनो, ऐका माझं. कुणी जाऊ नका. घरीही सांगा.”

आणि बसमध्ये असा जल्लोष उठला की खिडक्या वाजल्या. मिस वर्ना रडवेल्या झाल्या! गिरणीबद्दल बोलल्या, तेही स्वतःच्या नवऱ्याबद्दल, आणि वर ‘जाऊ नका’! शाळेत पोचेपर्यंत ते प्रत्येकाच्या फोनवर गेलं होतं. संध्याकाळपर्यंत खोऱ्याबाहेरचे लोक गिरणीचा पत्ता विचारत होते.

मिस वर्ना बस डेपोत लावून तडक टायरच्या दुकानात गेल्या. क्लिंट गाडीखालून बाहेर आला.

“तो नाटक करत नाहीये रे.”

“कोण?”

“डेल. त्याला खरंच दार सापडत नाही.”

क्लिंटने फडक्याला हात पुसले. “मिस वर्ना, देवाशप्पथ सांगतो, मला वाटलं मिस्टर डेलनी नवीन युक्ती काढली. मी त्यांना मिठी मारून सांगितलं, झकास, असंच चालू द्या.”

त्याने ऐकलं लगेच. गिरणी पुन्हा शुक्रवारी उघडायची होती, त्या दिवशी मिस्टर डेलना घरीच ठेवायचं ठरलं. त्यांच्या खोलीत प्लास्टिकचा सांगाडा बसवला. पण दुपार कलली तसे मिस्टर डेल एप्रन बांधून, तोंडाला कसंबसं पीठ लावून दाराशी उभे राहिले.

“चल, उशीर होतोय.”

“आज सुट्टी आहे, डेल.”

“सुट्टी कशी? लोक आलेत. लोक वाट बघताहेत माझी.” मग त्यांनी दार धडाधडा वाजवलं, आतून. मग रडले. मिस वर्ना कॉफी करायला वळल्या तेवढ्यात मागच्या दाराने निघून गेले आणि एप्रनसकट हमरस्त्याच्या मधोमध, ट्रकांच्या समोरून गिरणीकडे चालायला लागले. दूधवाल्या टँकरच्या ड्रायव्हरने त्यांना हात धरून बाजूला घेतलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून थेट गिरणीत आणून सोडलं. खोलीत जाऊन खुर्चीत बसले तेव्हा कुठे शांत झाले. आणि पहिली तुकडी आत आल्याबरोबर उठून म्हणाले, मला घरी जायचंय.

घरी असले की गिरणी हवी, गिरणीत असले की घर. यावर मिस वर्नांनी काय करावं, ते क्लिंटला सुचेना, डॉक्टरांना सुचेना, चर्चमधल्या बायकांनी तर नुसते डबे पाठवले.

शनिवारी मिस्टर डेल पुन्हा गिरणीत जाऊन बसले, आणि ऊन उतरायच्या आतच रांग पूल ओलांडून पलीकडे गेली होती. मिस वर्ना बसचं पिवळं जॅकेट घालून आल्या आणि रांगेच्या टोकापासून एकेकाला सांगत निघाल्या. “हे नाटक नाही. माझा नवरा आजारी आहे. तो तुम्हाला घाबरतोय. कृपा करून घरी जा.”

आता, चांगल्या भूतघरात रांगेतही माणसं पेरलेली असतात. कुणी कुऱ्हाड घेऊन फिरतं, कुणी कानाशी कुजबुजतं. शहरातून आलेल्या एका जोडप्यातला पुरुष खूश होऊन बायकोला म्हणाला, “बघ, बघ! इथूनच सुरू केलं यांनी! आणि साध्या कपड्यात! हे जास्त भारी.”

“मी खरं सांगतेय, साहेब.”

“असंच म्हणायचं असतं,” तो डोळा मारून म्हणाला. “बाई, तुम्ही फार छान करता.”

क्लिंट मदतीला आला. डोक्यावर प्रमुखाचं पांढरं हेल्मेट, हातात भोंगा. “मंडळी, मी दलाचा प्रमुख. या बाई खरं बोलताहेत!” रांगेने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. क्लिंटने भोंगा खाली केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू भोंगाच बिघडला असावा.

रांगेच्या तोंडाशी आम्ही बसमधली पोरं होतो. मिस वर्ना आमच्या तुकडीत घुसल्या, कोल्बीच्या पुढे, आणि आत शिरल्या. पिठाची पोती, लोंबणारे हात, अंधारात हसणारी कुणाची तरी आत्या, या सगळ्यातून त्या भाजीबाजारातून जावं तशा गेल्या. आम्ही मागे. कुणीही ओरडलं नाही.

शेवटच्या खोलीत एकच दिवा होता. मिस्टर डेल खुर्चीतून उठले. पीठ गालांवर ओघळून दोन रेघा झाल्या होत्या.

“अहो बाई,” ते मिस वर्नांना म्हणाले, “जरा ऐकता का? माझी बायको बाहेर उभी असेल. थंडी वाजत असेल तिला. तिला सांगाल का, मी इथे आहे म्हणून?”

“मी आलेय, डेल. चल.” त्यांनी त्यांचा हात धरला.

“हात लावायचा नाही!” कोपऱ्यातला कवटीवाला सवयीने ओरडला, आणि मग त्याला मुखवट्याच्या भोकांतून दिसलं कोण आहे ते.

मिस्टर डेलनी हात हळूच सोडवून घेतला. अगदी सभ्यपणे. “तुमची मेहरबानी. पण मला असं कुणाबरोबरही जाता येत नाही. तिला काय वाटेल?”

कोल्बीने माझी बाही धरली होती. आम्हाला पुढे सरकायचं सुचेना. मिस वर्ना पोत्यावर बसल्या. “बरं,” म्हणाल्या. “मी सांगते तिला.” मग आमच्याकडे न बघता, बसमधल्याच आवाजात, “पोरांनो, पुढं व्हा. पायरी आहे, जपून.”

आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो तोवर क्लिंटने पुढचं दार साखळी लावून बंद केलं होतं. गिरणी बंद, असं तो भोंग्यातून सांगत होता, आणि रांग त्यालाही टाळ्या देत होती. एकही माणूस हलला नाही. आत मिस्टर डेलचा आवाज चढला. “लोक कुठे गेले? अजून लोक यायचेत! मला इथून निघता येत नाही, लोक यायचेत!”

क्लिंट मागे आला आणि दाराशी उभा राहिला. बाकीची मंडळी अंगणात जमली होती. कवटीवाला, मुंडकं काखेत धरलेला, रक्त लावलेली नर्स. ही सगळी माणसं जळत्या घरात शिरणारी.

“जायला पाहिजे आपण,” क्लिंट म्हणाला. “लोक बनून. तेवढं तरी.”

त्यांनी मुखवटे काढले आणि एकेक करून आत गेले. उघड्या दारातून आम्हाला ऐकू येत होतं. प्रत्येकाला मिस्टर डेल उठून विचारत होते, अहो, दार कुठंय, तुम्हाला माहीत आहे का? मुंडकंवाल्याने दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं, आभार मानले आणि पुढच्याला तेच विचारलं. नर्स म्हणाली, “मला माहीत नाही हो, मिस्टर डेल.” कवटीवाला बाहेर आला, अंगण ओलांडून आगीच्या बंबामागे गेला आणि तिथेच उभा राहिला. मग क्लिंट आत गेला.

पलीकडे रांगेत कुणीतरी विचारत होतं, आतून किंचाळ्या का येत नाहीत. मिस वर्ना पोत्यावर बसून होत्या, मांडीवर मिस्टर डेलचा कोट, बाह्या सरळ करून धरलेला, म्हणजे ते उठले की लगेच घालता येईल.