तव्यावरून ताटात

परदेशात, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा नवऱ्याने हौसेने गोल टेबल घेतलं, फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. "आधी पुरुष, मग बायका, असलं आमच्याकडे नाही. सगळे एकत्र जेवतो," हा टेंभा तो येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मिरवायचा. ऑफिसात हाच माणूस गार पोळी मुकाट गिळायचा, हॉकर सेंटरवर, तिथल्या खाऊच्या टपऱ्यांवर, सकाळपासून मांडून ठेवलेला भातही त्याला चालायचा. घरी मात्र पोळी तव्यावरून थेट ताटात हवी. म्हणजे एकत्र जेवायचे तो आणि मुलगी, मी ओट्याशी. चौथी पोळी वाढली की म्हणायचा, "तू पण बस ना." आणि लगेच, "अजून एक टाक, अर्धीच खाईन."

त्याच्यापेक्षा मला माझाच जास्त तिटकारा यायचा. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी नऊ जणांना कामाला लावायचे आणि घरी पातेल्यातच भात कालवून उभ्याने खायचे. मित्र जेवायला आले की नवरा त्यांना समानतेवर ऐकवायचा, मी आतून पोळ्या पुरवायचे.

मग सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. "आधी त्याचं होऊ दे, मग आपण बसू," एवढं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. निदान ढोंग तरी नव्हतं.

एका शनिवारी दुपारी मुलगी पोहून आली, भुकेने कासावीस. सात वर्षांची पोर. मी ताट वाढलं, तर तिने ते बाजूला सारलं आणि शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत म्हणाली,

"बाबा फर्स्ट लाह. आय बिग ऑलरेडी."

"आजीने सांगितलं?"

"नो. यू ऑल्सो वेट फॉर बाबा, व्हॉट."

मी गॅस बंद केला, तिच्या शेजारी बसले, पोळी मोडली आणि आधी तिच्या तोंडात घास घातला, मग माझ्या. तेवढ्यात नवरा येऊन बसला.

"पोळी?"

"झाकून ठेवल्यात. घे."

तो हलला नाही. हात मांडीवर ठेवून बंद गॅसकडे बघत राहिला. शेवटी सासूबाई उठल्या, त्यांनी तवा तापत ठेवला.

मुलगी घास चावतच खुर्चीवरून उतरली आणि बापाचं ताट हातात घेऊन ओट्याशी जाऊन उभी राहिली.