मोडक्या शिंगाचा बैल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी अभिमानानं सांगते, कारण बाबांना ते रोज नव्यानं कळायचं.

बाबा भिलाईच्या कारखान्याच्या उभारणीत रिगर होते. साखळ्या-दोरखंडांनी अवजड लोखंड वर चढवायचं काम. एकदा साखळीचा सुटलेला आकडा डोक्याला लागला. दवाखान्यातून आले ते चालते-बोलते, पण त्यानंतरचं काही डोक्यात टिकेना. भंडाऱ्याकडचं गाव, बांध, बैल मात्र जसंच्या तसं.

"तू शाळेत कावून नाई गेली वं?" ते सकाळी विचारायचे.

"बाबा, मी आता कालेजात हाव. बी.ए. करून राहिली."

"खरंच?" आणि चेहरा असा फुलायचा, की पहिल्यांदाच ऐकतायत. त्यांच्या दृष्टीनं पहिल्यांदाच असायचं.

पंचाईत होती ती क्वार्टरची. ते मिळालं अपघातानंतर, म्हणजे बाबांच्या डोक्यात ते नव्हतंच. त्यात सगळी क्वार्टरं एका साच्यातली. गल्लीच्या टोकाचा पानठेला सरळ दिसायचा, तिथं ते जायचे. परतताना भलत्याच घरात शिरून खाटेवर बसायचे आणि पाणी मागायचे. शेजारची तेलुगू बाई हसत पाणी द्यायची. पण एक दिवस गल्लीत नव्यानं आलेला माणूस खेकसला. बाबा कारण विसरले, लाज मात्र राहिली असावी. पानठेल्याचं नाव काढलं की म्हणायचे, "नाई, बरं नाई वाटत." कारखान्यात दहा गड्यांना हाका मारून काम करवणारा माणूस घरात कोपरा धरून बसला.

मी मानसशास्त्र शिकत होते. आई टोमणा मारायची, "तुह्या पुस्तकात काई उपाय हाय, का नुसत्या परीक्षाच हायेत?"

मी दाराच्या कडीला लाल चिंधी बांधली. संध्याकाळी बाबांनीच ती सोडून टाकली. "हे घाण कोनं बांधली?"

मग पोळा आला. गावी पोळ्याला दाराशेजारी गेरू-चुन्यानं बैलजोडी काढायची, ती बाबाच काढायचे. आईनं वाटी पुढं ठेवली. काही न विचारता ते उकिडवे बसले, काडीला कापूस गुंडाळला आणि हात चालू लागला. पाठीचा उतार, वशिंड, गळ्यातली घंटा. डाव्या बैलाचं एक शिंग मोडकं, गावच्या आमच्या बैलाचं होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी आपण काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण दाराबाहेर जाऊन परतताना भिंतीपुढं थबकले. "आपले बैल इथं?" म्हणाले, आणि आत आले.

तेव्हा मला उमगलं. माझी चिंधी नवी होती, बैल जुने होते. मेंदूत जुनं साठतं आणि नवं रुजतं ते एकाच जागी नाही, हातानं शिकलेलं आणखी वेगळीकडे असतं, हे पुस्तकात मी पुष्कळ नंतर वाचलं.

बाबा पुन्हा एकटे पानठेल्यावर जाऊ लागले. आठवडा बरा गेला. एक दिवस मी कॉलेजातून आले तर आई दारात कपाळाला हात लावून उभी. गल्लीत तीन दारांशी बैलजोड्या! तेलुगू बाई म्हणाली होती, "भैया, हमारे यहाँ भी बना दो ना." तिचं पाहून पलीकडच्यांनीही सांगितलं. बाबांनी आनंदानं दोन्हीकडे काढून दिल्या, आणि विसरून पानठेल्यावर गेले.

"आता हे कोन्या घरात जातीन वं?" आई म्हणाली.

मी त्यांना आणायला निघाले. आईनं हात धरला. "थांब. रोज तू आनत बसशीन तं गडी पुन्हा कोपऱ्यात बसन."

आम्ही दाराआड उभ्या राहिलो. बाबा सावकाश येत होते. पहिल्या दाराशी थांबले, भिंतीकडे पाहिलं, पुढं चालले. दुसऱ्या दाराशी जास्त वेळ थांबले; आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. मग तेही सोडून ते आमच्या दाराशी आले, चपला काढल्या.

"चहा ठेव," आईला म्हणाले. "गल्लीत लोकाईनं बैल काढले, चांगले हायेत. पन आपल्या डाव्याचं शिंग मोडलेलं हाय, ते त्याईले कुठून मालूम असन?"

मग माझ्याकडे वळले. "तू शाळेत नाई गेली वं आज?"