ऑडनीच्या रायफलीची नळी

ऑडनी हाउग्सेटनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता पुन्हा शिकारीला जायचं नाही. रेन्डालेनच्या खोऱ्यात असं ठरवणं म्हणजे शरदात आपणहून वाळीत पडणं. त्या दिवसांत तिथं मुसाच्या, म्हणजे उत्तरेच्या जंगलातल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीखेरीज दुसरा विषय नसतो.

मागच्या शिकारीत तिची गोळी एका मूस मादीच्या पोटात लागली होती. टोळीतल्या सगळ्यांनी कुत्री घेऊन दलदल पालथी घातली, पण मादी हाती लागली नाही. बर्फ वितळल्यावर ओढ्याच्या काठी सांगाडा दिसला. एक जनावर दिवसचे दिवस कण्हत मेलं असणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. तिला मात्र कुणी शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ऑडनी अठ्ठावन्न वर्षांची होती. गावच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवून, बसवून, कूस बदलून देता देता तिचे दोन्ही खांदे कामातून गेले होते. नवरा वारल्यापासून घरी आली की बुटांसकट खुर्चीत बसून राहायची. जेवायचं म्हटलं तरी पावावर चीज ठेवण्याचाही कंटाळा यायचा.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिनं वडिलांची रायफल उचलली आणि हाल्वोरकडे नेली. हाल्वोर तिच्या थोरल्या भावाचा वर्गमित्र. लाकूडकापणीच्या जुन्या शेडमध्ये त्याचं बंदुका बनवायचं काम चाले.

"ही ठेवून घे. मला नको आता," ती म्हणाली.

"कुणी मेलं का?"

"मूस मेली. ठाऊक आहे तुला."

हाल्वोरनं तिच्याकडे बघितलं आणि शेडमागच्या नेमबाजीच्या पट्ट्याकडे मानेनं खूण केली. "द्यायचीच आहे ना? मग जाता जाता दोन-चार गोळ्या झाड. रायफल कशी आहे ते तरी मला कळू दे."

तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. ती पालथी झोपली. प्रत्येक खेपेला हाल्वोर स्वतः रायफल भरून देत होता. पहिल्या दोन गोळ्या निशाणाच्या कागदाच्या कडेला लागल्या. तिसऱ्या खेपेला तिनं चाप ओढला तर नुसतं टिक्क झालं. त्यानं मुद्दाम बिनदारूचं काडतूस घातलं होतं. धक्का बसलाच नाही, तरी नळीचं तोंड खाडकन खाली गेलं आणि ऑडनीचे डोळे घट्ट मिटले.

हाल्वोरनं ते काडतूस काढून तिच्या हातात ठेवलं.

"तुझी नजर गेलेली नाही," हाल्वोर म्हणाला. "धक्का बसायच्या आधीच तुझं अंग दचकतंय. खांदा दुखतो ना?"

"रोजच दुखतो."

"मग बोलायचं नाही का, बाई?"

"कुणाशी बोलू? भिंतीशी?"

त्यानं तिला आत नेऊन कॉफी दिली. वडिलांची रायफल तशीच ठेवायची आणि दुसऱ्या एका जुन्या रायफलीच्या यंत्रणेवर तिच्यासाठी नवी बांधायची, असं त्यानं सुचवलं. शिकारीला चालेल आणि रविवारी गावच्या क्लबात नेमबाजीलाही चालेल अशी. ऑडनी पूर्वी क्लबात चांगला नेम धरायची. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

काडतुसाचं लवकर ठरलं. साडेसहा मिलिमीटरचं. आजोबांच्या काळापासून खोऱ्यात तेच चालत आलेलं, धक्का कमी, आणि गोळी जड घेतली तर मुसालाही पुरतं. अडलं ते नळीवर.

"जाड नळी घे," हाल्वोर म्हणाला. "लागोपाठ झाडल्या तरी तापून नेम हलत नाही. वजनामुळं धक्काही कमी बसतो."

"आणि ती डोंगरावर कोण नेणार, तू? मी दिवसभर माणसं उचलते, हाल्वोर. सुट्टीच्या दिवशी लोखंड नाही उचलणार."

"बारीक घेतलीस तर क्लबात पाचव्या गोळीला रडशील."

"आधीच रडतेय. काय फरक पडतो?"

हे ऐकून तो पहिल्यांदा हसला. शेवटी मधल्या जाडीची नळी ठरली, झुडपात अडकू नये म्हणून चार बोटं आखूड. नळीच्या आतल्या भिंतीवर कोरलेले पेच मात्र त्यानं जवळजवळचे निवडले. लांब, जड गोळीला नीट गरगर फिरवायचं तर ते लागतात.

जूनमध्ये रायफल तयार झाली आणि गोळ्या निवडायचं काम सुरू झालं. ऑडनी कामावरून सुटली की थेट शेडवर यायची. हलक्या गोळ्यांनी कागदावर देखणा पुंजका पाडला, पण हाल्वोरनं त्या बाजूला सारल्या. मुसासाठी त्या नकोत. एका कंपनीच्या जड गोळ्या कागदावर तळहाताएवढ्या जागेत विखुरल्या. दुसऱ्या कंपनीच्या, तेवढ्याच वजनाच्या, एकमेकींना चिकटून बसल्या. हे असं का, ते हाल्वोरलाही सांगता येईना. "या नळीला त्या आवडल्या, एवढंच," तो म्हणाला. मधूनच तो तिला न सांगता बिनदारूचं काडतूस भरायचा. पहिले आठवडे नळी खाली जातच राहिली. एकदा तर ऑडनी वैतागून रायफल तिथंच ठेवून घरी निघून गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली आणि पालथी झोपली. ऑगस्टमध्ये कधीतरी टिक्क झालं आणि नळी जागची हलली नाही.

शरदात शिकार सुरू झाल्यावर टोळीचा म्होरक्या स्वेनुंग यानं तिला दलदलीच्या कडेला बसवलं. सकाळी एक मोठा नर आला, पण तिरपा उभा राहिला. तिनं रायफलीवरच्या दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं आणि त्याला जाऊ दिलं.

"का सोडलास?" रेडिओवर स्वेनुंग.

"कोन बरोबर नव्हता."

"बरं," तो म्हणाला.

दुपारी मुसाचं एक वासरू तिच्याकडे कूस करून आडवं उभं राहिलं. ऑडनीनं श्वास सोडला, चाप ओढला. वासरू दोन उड्या मारून खाली बसलं आणि पुन्हा उठलं नाही.

ती जवळ गेली, त्याच्या अजून गरम असलेल्या मानेवर हात ठेवला आणि शेजारच्या ओल्या शेवाळावर बसली. आनंद झाला नाही. फार दिवसांनी एखादं ओझं खाली ठेवावं तसं अंग नुसतं सैल पडलं. स्वेनुंग पोचला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"बरी आहेस ना?"

"दमलेय," ती म्हणाली. "सुरी आण. संध्याकाळी मला कामावर जायचंय."